गोधडीच्या पोटातले कागद

गोधडी म्हटली की आपल्याला जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवरून फिरत गेलेला धावदोरा आठवतो. कागदाचा तिथे काही संबंध नसतो. इंग्लंडमध्ये मात्र गेली तीनशे वर्षे गोधडीचा वरचा पदर कागदाच्या आधाराने जोडला जातो आहे. या कागदांची कथा मोठी गमतीची आहे. काम पुरे झाले की ते काढून टाकायचे असतात, आणि जिथे ते काढायचे राहून गेले, तिथेच इतिहासाला बोलके साक्षीदार मिळाले.

आधी ही रीत समजून घेऊ. कागदाचे एकाच मापाचे तुकडे कापायचे, बहुधा षटकोनी. प्रत्येकावर थोडे मोठे कापड ठेवायचे, कडा मागे दुमडायच्या आणि कच्च्या टाक्यांनी अडकवायच्या. मग असे दोन तुकडे, उजव्या बाजू आत घेऊन, एकमेकांवर ठेवायचे आणि कडेकडेने बारीक टाके घालत जोडायचे. टाका कापडाची कड धरून जायला हवा, कागदात घुसता कामा नये. तुकड्याला सहाही बाजूंनी शेजारी मिळाले, की कच्चे टाके उसवायचे आणि कागद काढून घ्यायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? कापड लबाड असते. तिरपे ओढले की ताणते, आकार सोडते. कागद ताणत नाही. त्याच्या धाकात कापड सरळ राहते आणि तीन षटकोनांचे कोपरे एका बिंदूत येऊन मिळतात. ते तसे मिळाले की होणारा आनंद शिवणाऱ्यालाच ठाऊक. पण एक कागद जरी सुताभर चुकला, तरी चूक शेजाऱ्याकडे जाते, तिथून पुढच्याकडे, आणि दहाव्या फुलाशी पोचेपर्यंत सपाट कापडाला फुगवटा येतो. मग उसवा! शिवाय प्रत्येक तुकडा दोनदा हाताळायचा, एकदा कागदाशी आणि एकदा शेजाऱ्याशी. एक इंच बाजूचे षटकोन घेतले तर सात फूट लांब-रुंद चादरीला सुमारे २७०० तुकडे लागतात. अशी कामे अर्ध्यावर राहिली तर नवल नाही.

ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्ड या संस्थेच्या संग्रहात रेशमी तुकड्यांची एक चादर आहे. तिच्यावर फुले, पक्षी, प्राणी आहेत, एक पुरुष आणि एक स्त्री आहे. 'ई. एच.' ही आद्याक्षरे आहेत आणि १७१८ हे साल आहे. साल घातलेले याहून जुने ब्रिटिश तुकडेकाम अजून माहीत झालेले नाही. तिच्या पोटातले कागद आजही जागच्या जागी आहेत. ही ई. एच. कोण, हे मात्र कोणालाच सांगता आलेले नाही.

त्या काळचा कागद म्हणजे काय, हेही ध्यानात घ्यायला हवे. युरोपात तो लाकडाच्या लगद्याचा नसे, चिंध्यांचा असे. फाटकी तागाची आणि सुती वस्त्रे कुजवून, कुटून तो हाताने तयार करीत. म्हणजे वस्त्राचा कागद झाला आणि तो पुन्हा वस्त्राच्या पोटात आला! कागद महाग होता. त्यावरचा कर इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत होता. त्यामुळे कोरा कागद कातरीखाली घालण्याची चैन परवडत नसे. जुनी पत्रे, वाण्याची बिले, हिशेबाची पाने, मुलांच्या कित्त्याच्या वह्या, वर्तमानपत्रे असे जे हाताशी येई ते कापले जाई.

म्हणूनच अर्धवट राहिलेले तुकडेकाम उलटे करून पाहिले की एखादे घरच वाचायला मिळते. कुठे अर्धे वाक्य, कुठे किराण्याची रक्कम, कुठे मुलाने गिरवलेले अक्षर. कागदावर तारीख असली तर कामाचा काळही ठरवता येतो. पण इथे सावध राहावे लागते. पत्र १७९० चे असेल तर काम त्याच्या आधीचे नाही, एवढेच सिद्ध होते. ते पत्र वीस वर्षे खणात पडून मग कातरीखाली आले असेल, तर काम १८१० चे!

कापडही बोलते, आणि त्यात आपला देश येतो. कम्ब्रियातल्या लेव्हन्स हॉल या वाड्यात १७०८ च्या सुमाराची तुकड्यांची चादर आहे. ती भारतीय चिटांची आहे. आपल्या या छापील, रंगीत सुती कापडाने तिकडच्या बाजाराला असे वेड लावले, की लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. १७०१ पासून आयातीवर निर्बंध आले, १७२१ च्या कायद्याने वापरावरही बंदी घातली. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या छापील सुती कापडाला मोकळीक मिळाली ती १७७४ मध्ये. चिटाचा तुकडा जपून ठेवण्याजोगा का होता, ते यावरून कळते.

पुढे चिटे घरोघर आली. कादंबरीकार जेन ऑस्टिन, तिची आई आणि बहीण कॅसँड्रा यांनी शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडून केलेली चादर चॉटनच्या त्यांच्या घरात आजही आहे. त्यासाठी तुकडे जमवायची आठवण जेनने १८११ च्या मे महिन्यात बहिणीला पत्रातून केली होती. तुकड्यांवाचून काम अडले होते. ही तक्रार आजच्या शिवणाऱ्यांनाही ओळखीची वाटेल.

आता यंत्राची रीतही रूढ आहे. नक्षी कागदावर छापतात, कापड कागदाखाली धरतात आणि वरच्या रेघेवरून यंत्र चालवतात. टोके सुईसारखी अणकुचीदार येतात. पण नक्षी उलटी दिसते, त्यामुळे कापड भलत्या बाजूला जोडले जाते, आणि बारीक टाके उसवताना डोळ्यांत पाणी येते. शेवटी कागद फाडून काढायचा आणि शिवणीत अडकलेले कपटे चिमट्याने वेचायचे. छापलेल्या नक्षीच्या त्या कागदावर घरातली कसलीच खूण नसते.

जुन्या कामातले कागद ठेवावेत की काढावेत, हा प्रश्न संग्रहालयांनाही सोपा नाही. जुनी शाई आणि कागदातले आम्ल कापडाला हळूहळू खातात, पण कागद काढला की पुरावा जातो. कापड वाचवावे तर कागदावरची माणसे हरवतात. म्हणून कोणाच्या पेटीत असे अर्धे राहिलेले काम निघाले, तर नीटनेटकेपणाच्या हौसेने आतले कागद उपटू नयेत. आधी ते वाचावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराला दाखवावेत. शिवणाऱ्या बहुतेक बायकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांच्या घरातले चार शब्द उरले असतील, तर ते या कागदांवरच.