‘ऑरा’: वलय की वारं?

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनच्या कलाविचारातल्या ‘ऑरा’साठी ‘तेजोवलय’ हा शब्द चटकन सुचतो, आणि मला तो तितकाच चटकन खुपतो. मूळ शब्दात तेजही नाही, वलयही नाही. ग्रीक ‘औरा’ म्हणजे झुळूक. ‘वाहणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूतून तो निघाला असावा. तसे असेल तर आपला ‘वा’ धातू आणि त्यातून आलेले वात, वायू हे त्याचे चुलत भाऊ ठरतात. लॅटिनने तो जसाच्या तसा उचलला.

मग झुळुकीला उजेड कुठून फुटला? व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या सहाव्या सर्गात झाडीतली सोन्याची फांदी लकाकते, तिथे लकाकीसाठी ‘औरा’च योजला आहे, तोही सोन्याच्या ‘औरुम’ला अगदी लगटून. नादाचा मोह असावा. ‘औरुम’चे नाते आपल्या उषेशी लावतात, आणि संतांच्या मस्तकामागचे ‘औरिओल’ त्याच सोन्याचे. ‘औरा’ आणि ‘औरुम’ यांची कुळे वेगळी, पण कानाला जुळी. त्यातून अर्थांची सरमिसळ झालेली दिसते. पुढे थिऑसफिस्ट या गूढवादी पंथीयांनी माणसाभोवतीच्या ऑराला रंगही दिले. त्यांच्यातल्या लेडबीटरच्या १९०२ च्या पुस्तकात तर तशी चित्रेच आहेत.

बेन्यामिनला हा अर्थ ठाऊक होता आणि नको होता. १९३० च्या एका टिपणात तो थिऑसफिस्टांच्या कल्पना स्पष्ट नाकारतो. १९३१ चा छायाचित्रणावरचा निबंध आणि १९३६ मध्ये प्रथम फ्रेंचमध्ये छापलेला, पुनरुत्पादनाच्या युगातल्या कलाकृतीवरचा निबंध, या दोहोंत ऑरा म्हणजे दूरपणाचे एकमेवाद्वितीय दर्शन, मग वस्तू कितीही जवळ असो. दाखला उन्हाळी दुपारच्या डोंगररांगेचा. नजर त्या रांगेवरून फिरते, पण ऑरा मात्र श्वासात घ्यायचा, असे तो म्हणतो! जर्मन ‘आट्मेन’, म्हणजे श्वास घेणे, हे आपल्या ‘आत्मन्’चे सगोत्र. शब्दाचा वारा त्याने शब्दाला परत दिला.

म्हणून मला मराठी ‘वारं’ जवळचे वाटते. ‘वातर’सारख्या एखाद्या रूपातून ते आले असावे. शहराचं वारं लागतं, देवीचं वारं अंगात येतं. (अपस्माराच्या झटक्याआधी अंगात झुळूक चढल्यासारखे वाटते, तिलाही गेलेनपासून वैद्यकात ‘औरा’च म्हणतात.) देवीच्या वाऱ्याचा अर्थ इथे फार मोलाचा, कारण बेन्यामिनच्या मते कलाकृतीचा ऑरा विधीतून, पूजेतून आलेला. छायाचित्राने आणि सिनेमाने प्रतिमा गाभाऱ्याबाहेर आणली, ती जनसमूहाच्या हाती आली आणि कलेचा पाया विधीवरून राजकारणावर सरकला. ऑरा ओसरण्याचा त्याने नुसता शोक केला नाही. वस्तू जवळ आणण्याची लोकांची ओढ त्यात त्याला दिसली. फॅसिझम राजकारणालाच सौंदर्याचा साज चढवतो आहे, हा त्याच निबंधातला इशारा.

‘वारं’ मात्र सगळीकडे पुरत नाही. १९३९ च्या बोदलेअरवरील निबंधात ऑरा अनुभवणे म्हणजे त्या वस्तूला उलट आपल्याकडे पाहण्याची शक्ती देणे. यासाठी फारसीकडे वळावे लागते. ‘किरिश्मा’ म्हणजे नेत्रकटाक्ष. मराठीत तो ‘करिश्मा’ झाला आणि ग्रीक ‘खारिस्मा’चा, म्हणजे दैवी देणगीचा, अर्थ केवळ नादसाम्याने त्याला चिकटला असावा. आज पुढाऱ्यांना आणि नटांना आपण करिश्मा बहाल करतो, त्यात तो जुना कटाक्ष अजून शिल्लक असावा असे मला वाटते.