लॅगची कुळी रणगाड्यांच्या घराण्यात

चिखलदऱ्याहून मुंबई हवाई अंतराने साधारण 530 किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. केबल सरळ रेषेत असती, तर संदेश 5-6 मिलिसेकंदांत जाऊन परतला असता. पण ती घाट उतरते, शहरं धरून वळसे घेते, वाटेत टॉवर आणि राउटरच्या रांगा लागतात आणि पिंग, म्हणजे संदेश जाऊन परतण्याचा वेळ, त्याच्या कितीतरी पट भरतं. तरीही मोबाइलवर बोट सरकलं की खेळातला शिपाई त्याच क्षणी पळतो; मुंबईतल्या सर्व्हरच्या परवानगीला थांबत नाही. आधी पळायचं आणि मंजुरी मागून घ्यायची, या युक्तीचं श्रेय सहसा प्रोग्रामर जॉन कार्मॅकच्या 'क्वेकवर्ल्ड' या खेळाला दिलं जातं. माझ्या मते या घराण्याचा मूळपुरुष खेळात नाही, अमेरिकी लष्कराच्या सराव-रणगाड्यांत शोधायला हवा.

आधी सर्वांना ठाऊक असलेले टप्पे. डिसेंबर 1993च्या 'डूम' या खेळामध्ये सेकंदाचे 35 भाग केलेले होते आणि प्रत्येक भागात सगळ्यांच्या आज्ञा हाती येईपर्यंत कोणाचंच यंत्र पुढे सरकत नसे. 1996च्या जूनमध्ये आलेल्या 'क्वेक'ने कारभार सर्व्हरकडे दिला. पण आपलंच पाऊल पडण्यासाठी सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागे. 2 ऑगस्ट 1996च्या नोंदीत कार्मॅक म्हणतो की, आपण 200 मिलिसेकंदांच्या आतला उशीर गृहीत धरला होता, मोडेमवाल्यांना मात्र 300च्या वर लागतात. डिसेंबरमधल्या 'क्वेकवर्ल्ड' या त्याच्या सुधारित आवृत्तीने तोड काढली. कळ दाबताच आपलं यंत्र आपल्याला चालवून मोकळं होतं. सर्व्हरचं उत्तर येतं ते मागच्या क्षणाचं. मग यंत्र त्या क्षणापाशी परततं आणि मंजुरी न मिळालेल्या आज्ञा त्यावर पुन्हा चालवून वर्तमानात येतं.

आता लष्कराचे सराव-रणगाडे, म्हणजे 'सिमनेट'. 'डार्पा' या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेने 1983 मध्ये हाती घेतलेल्या या प्रकल्पात नकली रणगाडे जाळ्याने जोडले होते. प्रत्येक रणगाडा आपली जागा, दिशा आणि वेग कळवी. पुढचा संदेश येईपर्यंत बाकीचे त्याला अंदाजाने पुढे सरकवत. किनारा दिसत नसताना वेग, दिशा आणि वेळ यांवरून जहाजाची जागा ठरवण्याची दर्यावर्दी रीतच ही. खरी मेख पुढे आहे. प्रत्येक रणगाडा स्वतःची एक भुताटकी प्रतही बाळगी, म्हणजे इतरांच्या अंदाजात आपण कुठे असू त्याचा हिशेब. प्रत आणि वास्तव यांत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला तरच नवा संदेश जाई.

'क्वेकवर्ल्ड'चं मूळ इथे मानण्यावर पहिला आक्षेप असा की, कार्मॅकचं गाऱ्हाणं मोडेमचं होतं, रणगाड्यांचा तिथे काय संबंध? शिवाय जानेवारी 1996च्या 'ड्यूक नुकेम थ्रीडी'तही स्वतःच्या हालचालीचा आगाऊ हिशेब होता. 2003 मध्ये खुल्या झालेल्या त्याच्या कोडमध्ये तो भाग सापडतो. पण एकच सोय दोन ठिकाणी वर्षभरात उगवली, यावरून ती कल्पना हवेत होती असंच मी म्हणेन. 'सिमनेट'ची रीत तर 1993 मध्येच आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक होऊन जाहीर झाली होती. दुसरा आक्षेप जड आहे. 'सिमनेट'मध्ये अंदाज दुसऱ्याचा आणि स्वतःबद्दल अखेरचा शब्द स्वतःचाच. 'क्वेकवर्ल्ड'मध्ये अंदाज स्वतःचा आणि अखेरचा शब्द सर्व्हरचा. दिशा उलटली, हे मान्य. पण ती उलटवली अविश्वासाने. एका पलटणीतले रणगाडे आपली जागा खोटी सांगत नाहीत. इंटरनेटवरचा अनोळखी खेळाडू सहज सांगेल. स्वतःच्या दोन प्रती ठेवायच्या आणि तफावत दिसली की जुळवायच्या, हा गाभा मात्र दोन्हीकडे एकच.

दोन प्रतींचा संसार मांडला की भांडणही आलंच. नेम धरणाऱ्याला दिसणारा शत्रू नेहमी जरा जुना असतो. म्हणून 'हाफ-लाइफ' या खेळामध्ये सर्व्हर इतरांना क्षणभर मागे नेऊन गोळीचा निकाल लावू लागला. त्या खेळावर काम करणाऱ्या यान बर्नियर यांनी 2001 मध्ये ही रीत लेखरूपाने मांडली. 'अबे, मी त लपलो होतो न!' असं ओरडणारा चिखलदऱ्याचा पोरगा खरंच बोलत असतो. त्याच्या प्रतीत तो भिंतीआड होता, मारणाऱ्याच्या प्रतीत नव्हता आणि निवाडा मारणाऱ्याची प्रत पाहून झाला. नेटला शिव्या घालून उपयोग नाही. हा पक्षपात सर्व्हर लिहिणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेला आहे.