केना मरत का नाही? वर निळं फूल, जमिनीत पांढरं

जालना : पावसानं दोन-चार दिवस उघडीप दिली की बदनापूर, भोकरदन, जाफ्राबादकडं कपाशी-सोयाबीनच्या रानात एकच बोलणं असतं, केना. खुरपून धुऱ्यावर टाकला तरी पुढच्या सरीला परत हिरवागार. बरेच जण म्हणतात औषधच खराब निघालं. कधी असेलही, पण केन्याची घडणच वेगळी आहे.

शास्त्रात याला कॉमेलिना बेंगालेन्सिस म्हणतात. हे नाव लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं १७५३ च्या ग्रंथात नोंदवलं. हॉलंडच्या कॉमेलिन घराण्यावरून ते पडलं. केन्याच्या फुलाच्या दोन पाकळ्या मोठ्या निळ्या आणि खालची एक बारकी. त्या घराण्यातले दोघं वनस्पतींचे नामांकित अभ्यासक झाले, तिसरा काही करून दाखवायच्या आधीच वारला. लिनियसनं फुलात ते घराणं पाहिलं!

फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटून चिकट होतं. ते नरसाळ्यासारख्या हिरव्या पानातून बाहेर येतं. पान रुंद अंडाकृती, देठाजवळच्या आवरणावर तांबूस केस. पान अरुंद, लांबट असेल तर ती केन्याची दुसरी जात समजा.

खरी गोम जमिनीखाली आहे. झाड उपटून मुळाजवळ नीट बघा, पांढऱ्या कोंबासारख्या फांद्या दिसतील. त्यांना जमिनीतच फुलं लागतात. ती उमलत नाहीत, माशी-वाऱ्याची गरज नाही, आतल्या आत फळ धरतं. वरच्या फळात साधारण पाच बिया, खालच्या फळात तीन. दोन्हीकडं लहान आणि मोठं असं बी असल्यानं चार प्रकारचं बी होतं आणि ते एकदम उगवत नाही. म्हणूनच एका खुरपणीनंतर दुसरी लाट येते.

आणखी एक, वर निळं फूल दिसायच्या आधीच खाली फुलं लागायला सुरुवात होते. आम्ही एका वर्षी मजूर मिळेना म्हणून फूल येईपर्यंत थांबलो. पुढच्या साली त्याच पट्ट्यात केन्याची गादी झाली. दोन-तीन पानांवर असताना कोळपणी केली तर फरक पडतो. मोठा केना कोळप्यानं तुटतो आणि ओल असली की तुकड्याच्या प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात. तो वेचून वाळवायला खडकावर टाकावा, नाहीतर जनावरांना घालावा.

औषधाचं म्हणाल तर केना एकदल आहे, पण गवताच्या कुळातला नाही. सोयाबीनमध्ये फक्त गवतासाठी मारायचं क्विझालोफॉप त्याला लागत नाही. वाढलेला केना ग्लायफोसेटलाही सहज दाद देत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारी कपाशी आली, लोकांनी मशागत आणि बाकीची औषधं कमी केली, आणि हाच केना तिथं कपाशीतलं मोठं तण होऊन बसला. आपल्याकडं चोरून येणारं, मंजुरी नसलेलं तसलं बियाणं घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कोवळ्या पानांची भाजी आणि भजी मात्र चांगली होते. पण औषध मारलेल्या रानातला केना घरी नेऊ नका.