‘शोले’चे पाठभेद

भोपाळच्या जुन्या शहरात दुकानांपुढे आणि घरांपुढे दगडी फरश्यांचे कट्टे असत. त्यांना इथे ‘पटिये’ म्हणतात. रात्रीची जेवणे उरकली की माणसे पटियांवर जमत आणि शायरीपासून राजकारणापर्यंत कशाचाही फडशा पाडीत. अशा बैठकीत एखादा बढाईखोर हमखास असायचाच. त्याला साऱ्या देशात ओळख मिळाली ती १९७५ साली, ‘शोले’तल्या सूरमा भोपालीच्या रूपाने. जगदीप यांनी उभा केलेला हा वखारवाला जय-वीरूला आपण कसे पकडले, ही हकिगत मीठमसाला लावून सांगत असतो आणि नेमके तेच दोघे त्याच्या मागे येऊन उभे राहतात. सांगितलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट समोरासमोर आली की कशी गंमत होते, ते ह्या प्रसंगात दिसते. ‘शोले’च्या नशिबीही पुढे तेच यायचे होते.

भोपाळकरांना हा चित्रपट घरचा वाटतो, त्याला कारणे आहेत. सलीम-जावेद ह्या लेखकजोडीतले जावेद अख्तर इथल्या सैफिया कॉलेजचे विद्यार्थी. जया भादुरींचे शालेय शिक्षण इथलेच. त्यांचे वडील पत्रकार तरुणकुमार भादुरी यांनी चंबळच्या डाकूंवर ‘अभिशप्त चंबल’ हे पुस्तक लिहिले होते, आणि अमजद खान यांनी गब्बरची तयारी करताना ते वाचले होते. गब्बरसिंग नावाचा खरा डाकू १९५० च्या दशकात भिंड भागात होऊन गेला. रामगढ मात्र मध्य प्रदेशात नाही; ते उभे राहिले कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरमच्या खडकांत.

आता मुद्द्याकडे येतो. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात, हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. पण चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला लागायचा होता आणि जूनअखेर देशात आणीबाणी आली होती. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉर मंडळाला मान्य नव्हते. शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन क्षणी पोलीस येतात, शिक्षा देणे हे कायद्याचे काम असल्याची आठवण करून देतात आणि ठाकूर थांबतो. मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त जो ‘शोले’ वर्षानुवर्षे चालला, तो हा. माझ्या पिढीने पाठ केला तोही हाच.

मूळ शेवटाची प्रत पुढे व्हिडिओच्या जमान्यात हातोहात फिरू लागली आणि तेव्हापासून आम्हा रसिकांत दोन तट पडले. त्यात २०१४ साली त्रिमित ‘शोले’ आला. मग फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर चित्रपटाचे जतन-संस्करण केले; मूळ शेवटासह ते २७ जून २०२५ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात उघड्या चौकात दाखवले गेले आणि १२ डिसेंबर २०२५ ला भारतभर प्रदर्शित झाले. ते पाहायला जेलर रंगवणारे असरानी राहिले नव्हते आणि वीरू झालेले धर्मेंद्रही अठराच दिवसांपूर्वी गेले होते. पन्नास वर्षे उलटली तरी वाद मात्र तरुणच होता.

एक तट म्हणतो, संपूर्ण कथा ज्या क्षणाकडे धावते तो क्षणच सरकारने काढून घेतला. ठाकूरच्या रिकाम्या बाह्यांना न्याय मिळतो तो मूळ शेवटात. दुसरा तट म्हणतो, ठाकूर हा हाडाचा पोलीस. सूड हातातोंडाशी आला असताना तो थांबतो, यातच त्याची उंची आहे. आणखी काहींचे म्हणणे सरळ आहे : आम्ही जो पाहिला तोच ‘शोले’, बाकीचे तुमचे तुम्ही पाहा. शिवाय कात्री दर वेळी वाईटच करते असेही नाही. सचिन पिळगावकर यांनी केलेल्या अहमदच्या हत्येचा प्रसंग चित्रित होऊनही पडद्यावर आला नाही. गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि पुढे घोड्यावरून अहमदचे प्रेत गावात येते. न दाखवलेली ती हत्या दाखवलेल्या कितीतरी हत्यांपेक्षा अंगावर येते.

हा तंटा एकट्या ‘शोले’चा नाही. भोपाळच्या दक्षिणेला, नर्मदाकाठी, लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले बुधनी आहे. बी. आर. चोप्रांच्या ‘नया दौर’चे (१९५७) बाह्यचित्रण तिथे झाले. ह्याच भोपाळकडच्या चित्रीकरणाला मुलीला पाठवायला मधुबालाच्या वडिलांनी नकार दिला, प्रकरण कोर्टात गेले आणि वैजयंतीमाला नायिका झाली. २००७ साली हा कृष्णधवल चित्रपट रंगीत होऊन आला. बुधनीची टेकडी, रस्ता, टांगा, सारे रंगले. पण ते रंग संगणकापुढे बसलेल्यांनी ठरवलेले. त्या वेळी तिथे कोणता रंग होता, हे कृष्णधवल फीत सांगत नाही.

‘मुघल-ए-आझम’ची (१९६०) गोष्ट थोडी वेगळी. के. आसिफ यांना तो पूर्ण रंगीत करायचा होता, पण जमले ते काही भागापुरतेच. म्हणून २००४ च्या दिवाळीत तो संपूर्ण रंगीत आला तेव्हा ‘आसिफसाहेबांची इच्छा पुरी झाली’ असे अनेकांनी मानले. पण रंगांबरोबर लांबीही कमी केली होती, काही गाणी गेली होती. आणि आसिफ तर १९७१ सालीच वारले होते. मृताच्या इच्छेचा अर्थ जिवंत माणसे आपल्या सोयीने लावतात, ही शंका राहतेच. ऑगस्ट २०२५ मध्ये याहून पुढची मजल गाठली गेली. ‘रांझणा’च्या (२०१३) तमिळ आवृत्तीत मरणारा नायक निर्मात्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जिवंत केला. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर नापसंती दर्शवली.

ह्या सगळ्यात निवाडा कसा करायचा? मला वाट दिसते ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडून. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णू सीताराम सुकथनकर यांनी त्याची शिस्त घालून दिली. हजाराहून अधिक हस्तलिखिते पडताळून संपादकांनी मूळ संहितेच्या जास्तीत जास्त जवळचा पाठ निश्चित केला. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे, ही आपल्या घराघरांतली लाडकी कथा त्या पाठात बसेना. मग त्यांनी काय केले? कथा मुख्य संहितेतून काढली, पण फेकली नाही, परिशिष्टात छापली. पाठभेद तळटीपांत नोंदवले. ज्याला गणपती हवा त्याला तो सापडतो, आणि तो कुठून आला हेही समजते.

सिनेमालाही हाच न्याय लावावा. मूळ शेवट परत आला याचा मला आनंद आहे. तो कर्त्याचा हक्क होता. पण म्हणून पोलिसांचा शेवट कालबाह्य झाला असे मी म्हणणार नाही. आणीबाणीतल्या सरकारला कशाची भीती वाटत होती, याचा तो पुरावा आहे. त्यातले पोलीस नुसते रामगढमध्ये आले नव्हते, ते १९७५ च्या हिंदुस्थानात आले होते. ती प्रत नाहीशी झाली तर सेन्सॉरच्या कात्रीची खूणही पुसली जाईल आणि पुढच्या पिढीला वाटेल की हा चित्रपट पहिल्यापासून असाच सुखाने पडद्यावर आला.

रंगवलेल्या आणि यंत्राने फिरवलेल्या प्रतींनाही ज्यांना बघायचे त्यांनी बघावे. अट इतकीच, की कोणी, केव्हा आणि काय बदलले हे पहिल्या पाटीवर लिहिलेले असावे आणि आधीची प्रत मागेल त्याला मिळावी. ‘रांझणा’च्या बाबतीत मला खटकते ते हेच, की दिग्दर्शकाच्या नावावर दुसऱ्यानेच शेवट लिहिला. चित्रफितीला वाळवी नसली तरी ती आंबते, आक्रसते. ‘शोले’च्या मूळ निगेटिव्हची अवस्थाही जपणूक सुरू झाली तेव्हा वाईट होती. रसिकांनी भांडावे, जरूर भांडावे. पण भांडायला दोन्ही प्रती शिल्लक राहतील, ह्याची तजवीज आधी व्हायला हवी.