पाड्यावरच्या शेळीपर्यंत

दुर्गम भागातली पशुआरोग्यसेवा हा विषय वरवर पाहता औषधांचा वाटतो. प्रत्यक्षात तो बराचसा वेळेचा आणि अंतराचा आहे.

शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगाचेच बघा. त्यावरची लस आपल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत विकसित झाली आणि एकदा टोचली की काही वर्षे पुरते. एका कुपीत बहुधा शंभर मात्रा असतात. कुपी बर्फात न्यावी लागते आणि द्रावण मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. आता अक्राणी तालुक्यातला एखादा पाडा डोळ्यांसमोर आणा. घरे उतारांवर विखुरलेली, घरटी दोन-चार शेळ्या, आणि ऊन चढण्याआधीच त्या चरायला सुटणार. लस टोचायची तर उजाडताना तिथे हजर हवे, आणि ‘उद्या शेळ्या सोडू नका’ असा निरोप आदल्या संध्याकाळी घरोघरी गेलेला हवा. नाहीतर अर्धी कुपी फेकावी लागते. (कागदावर शंभर मात्रांची नोंद होते, ती गोष्ट वेगळी.)

हा निरोप पोचवणारी माणसे म्हणजे या क्षेत्राचा कणा. गुरांच्या बुळकांडी रोगाच्या उच्चाटनाचा इतिहास हेच सांगतो. आफ्रिकेतल्या अफार, करामोजा, दक्षिण सुदान अशा दुर्गम आणि अशांत भागांत सरकारी पथके पोचत नव्हती. तिथे बर्फाविना काही आठवडे टिकणारी लस आली आणि पशुपालकांतूनच निवडलेल्या कार्यकर्त्यांनी ती कळपाकळपांत नेली. भारतात या रोगाचा शेवटचा उद्रेक 1995 साली झाला. 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. लस आधीही होतीच, पण ती अशा दुर्गम कळपांपर्यंत जाईना.

आपल्याकडे ‘उमेद’ अभियानातल्या पशुसखी, म्हणजे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या, याच वाटेवर आहेत. त्यांनी काय करावे नि काय नाही, यावर वाद आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली इतरांना देता येतात. माझे मत विचाराल तर जंताचे औषध पाजणे आणि जखम धुऊन बांधणे एवढ्यासाठी विधवा शेळीपालक बाईला तालुक्याच्या गावी पाठवणे हा अन्याय आहे. प्रतिजैविकाची सुई मात्र सरसकट कोणाच्याही हाती देऊ नये. अर्धवट डोसांनी जंतू निर्ढावतात, आणि मग डॉक्टर वेळेवर आला तरी त्याच्या बॅगेतले औषध लागू पडत नाही.

नव्या अभ्यासकाने पहिल्या भेटीत रोगांची नावे विचारू नयेत; कोणत्या महिन्यात काय मरते, ते विचारावे. शेळी राखणाऱ्या बाईकडे याचे उत्तर तयार असते. ‘पहिल्या पावसानंतर, कोवळं गवत खाऊन, सगळ्यात धष्टपुष्ट करडू एका रात्रीत गेलं’ असे ती म्हणाली, तर संशय आंत्रविषाराचा. शवविच्छेदनाने खात्री करून घ्यावी. पण पुढच्या वर्षी तिच्याकडे मे महिन्यातच लस घेऊन जावे, आणि पहिल्यांदाच टोचलेल्या करडांसाठी दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा घेऊन परत यावे.