अकरा रुपये, दहा आणे, आठ पै

चिरंजीवी यांचा 'सै रा नरसिंहा रेड्डी' हा तेलुगू चित्रपट २ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. दोनशे कोटींच्या वर खर्च झाल्याचा गाजावाजा होता, हिंदीतही आला होता. मी तो बऱ्याच उशिरा, घरी टीव्हीवर, नातवाच्या आग्रहाने पाहिला. तलवारी, घोडे, तोफा, पाण्याखालची झुंज... नातू खूश. मी मात्र पहिल्याच प्रसंगाला सावरून बसलो. कारण ही गोष्ट सांगते कोण, तर झाशीची राणी! आपल्या तांब्यांची मनकर्णिका इंग्रजांशी लढायला निघालेल्या शिपायांना धीर देण्यासाठी दूर दक्षिणेतल्या एका वीराची कथा सांगते. कल्पना सुंदर आहे, पण ती पटकथाकाराची. १८५७ च्या आधीचा माणूस १८५७ ला जोडल्याशिवाय प्रेक्षकाला मोठा वाटणार नाही, अशी धास्ती त्यामागे असावी.

खरा नरसिंह रेड्डी उय्यालवाडाचा. हे गाव आता आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात येते. त्याचे घराणे पाळेगारांचे. पाळेगार म्हणजे किल्ला, गढी आणि भोवतालची गावे सांभाळणारा, वसुली करणारा, पदरी माणसे बाळगणारा वतनदार. हा मुलूख टिपूच्या पराभवानंतर निजामाच्या वाट्याला आला आणि १८०० साली निजामाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी तो कंपनीला देऊन टाकला. तैनाती फौज आपण सगळ्यांनी दोन गुणांसाठी पाठ केली आहे. ती फौज पोसण्यासाठी कोणाचे काय गेले, हे मात्र त्या दोन गुणांत बसत नाही. तेलुगू लोक या भागाला 'दत्तमंडल' म्हणत, म्हणजे देऊन टाकलेले जिल्हे. रायलसीमा हे नाव पुढे १९२८ साली पडले.

तिथे कंपनीचा मुख्य कलेक्टर म्हणून आला टॉमस मन्रो. हाच मन्रो पुढे १८१८ मध्ये पेशव्यांच्या विरुद्ध लढायला आला आणि त्याने सोलापूर घेतले. त्याची रयतवारी पद्धत आपल्या पुस्तकांत कौतुकाने येते. रयतेशी थेट संबंध, मधला माणूस नको, हे ऐकायला चांगलेच आहे. पण त्या मधल्या माणसांना, म्हणजे पाळेगारांना, त्याने एकेक करून मोडले आणि काहींच्या हाती पेन्शन ठेवले.

ते पेन्शन पिढ्यांमधून वाटले जात नरसिंह रेड्डीपर्यंत आले तेव्हा उरले होते महिना ११ रुपये १० आणे ८ पै.

आमच्या पिढीने रुपये-आणे-पैची उदाहरणे पाटीवर सोडवली आहेत, म्हणून मी सवयीने हिशेब मांडून पाहिला. ३५ रुपयांचे तीन समान वाटे केले की बरोबर ११ रुपये १० आणे ८ पै येतात. शेवटच्या ८ पैवरूनच कळते की ही रक्कम कोणी मानाने ठरवलेली नाही, कारकुनाने भागाकार करून काढलेली आहे. घराण्यातल्या दुसऱ्या एका वारसाचा हिस्सा खालसा झाला, तो आपल्याला मिळावा म्हणून रेड्डीने मागणी केली. सरकारने ती धुडकावली.

चित्रपटाला हे कारण फार किरकोळ वाटले असणार. पेन्शनसाठी भांडणारा नायक कोण पाहील? मला विचाराल तर हेच कारण अंगावर येते. पेन्शनीत गेलेल्या माणसाला तर विशेषच!

पण एकट्या रेड्डीच्या रागाने बंड झाले नसते. गावोगाव 'कट्टुबडी' नावाचे लोक होते. गावाची राखण करायची, चोराचा माग काढायचा, वेळ पडल्यास पाळेगाराच्या बाजूने लढायचे आणि त्याबदल्यात इनाम जमीन कसायची, अशी त्यांची पिढीजात सोय होती. कंपनीचे पोलीस आल्यावर ही राखण निरुपयोगी ठरली. कट्टुबडी मेला की त्याची जमीन सरकारजमा होऊ लागली. १८४६ मध्ये हे लोक रेड्डीभोवती जमले आणि त्यांनी कोविलकुंटल्याचा खजिना लुटला. लोकांच्या आठवणीत रेड्डीच्या बरोबरीने वड्डे ओबन्नाचे नाव आहे. वड्डेर म्हणजे आपल्याकडचे वडार, दगड फोडणारे. 'सै रा'ची हाळीही रायलसीमेतल्या लोकगीतांतूनच आली आहे. दोनशे कोटींच्या कितीतरी आधी ती गाणी माणसांनी फुकट जपली होती.

हे सारे वाचताना मला आपला उमाजी नाईक आठवत राहिला. रामोशीही राखणदारच. पुरंदरची राखण, त्याबद्दलची वतने, ती जाणे, मग बंड आणि १८३२ साली पुण्यात फाशी. एका वर्षी मी हा धडा शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मग त्यांच्या जमिनी परत मिळाल्या का?" उमाजी लढला, पकडला गेला, फाशी गेला, एवढेच पुस्तकात होते. त्या मुलाला ते पुरेसे नव्हते. त्याच्या घरची जमीन कुठल्याशा धरणात गेली होती, हे मला नंतर कळले.

'सै रा' पाहिल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, मग पहिला स्वातंत्र्यवीर हाच ना?" त्याचाही दोष नाही, चित्रपटाची सारी धडपड तीच आहे. तमिळ लोक म्हणतील कट्टबोम्मन, १७९९. ओडिया म्हणतील पाइकांचे बंड, १८१७. आपण म्हणू उमाजी. पहिला नंबर काढण्याची ही खोड आम्ही मास्तर लोकांनीच लावलेली. असो. यातल्या कोणाला आपण पहिले आहोत की चौथे, याची फिकीर असेल असे वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आपले शिवार होते.

चिरंजीवींचे काम मला आवडले. साठी ओलांडलेला माणूस घोड्यावर असा बसतो हे कौतुकाचे आहे. कडप्प्याचा कलेक्टर कॉक्रेन चित्रपटात अगदी राक्षस होतो, पण कागदांवर सह्या करून जमिनी काढून घेणारा माणूस राक्षस दिसण्याची गरज नसते, हे कोणी दिग्दर्शकाला सांगायला हवे होते.

२२ फेब्रुवारी १८४७ रोजी कोविलकुंटल्यात लोकांसमोर नरसिंह रेड्डीला फाशी दिली. नंतर त्याचे शिर तिथल्या किल्ल्यावर टांगले आणि ते १८७७ पर्यंत तसेच ठेवले. तीस वर्षे. त्याखालून बाजाराला जाणारी पोरे मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांना पोरे झाली. मधल्या काळात कंपनी गेली, राणीचे राज्य आले. १८७७ च्या १ जानेवारीला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी दत्तमंडलात दुष्काळाने माणसे रस्त्याकडेला मरत होती, आणि कोविलकुंटल्याच्या किल्ल्यावरची ती कवटी खाली उतरली.