बोअरमध्ये मोटर सोडण्याआधी: जोडणी करताना घ्यायची काळजी

रब्बीची पेरणी झाली की तालुक्यात मोटरी काढणं आणि सोडणं सुरू होतं. रिवाइंडिंगच्या दुकानात मोटरींची रांग लागते. यातल्या बऱ्याच मोटरी पाण्यात गेल्यावर जळतात, पण जळण्याचं कारण मात्र वरच, जोडणीच्या वेळी राहिलेलं असतं. ऐन भरात आलेल्या कांद्याला आठ दिवस पाणी चुकलं तर होणारं नुकसान रिवाइंडिंगच्या बिलापेक्षा मोठं असतं. त्याहून मोठा धोका विजेचा. म्हणून मोटर बोअरच्या तोंडाशी नेण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

आधी लाइट बंद, मग पाना हातात

शेतीची लाइट पाळीने येते. काम चालू असताना ती कधी येईल याचा भरवसा नसतो. पेटीतला मेन स्विच पाडून तिन्ही फ्यूज काढावेत आणि ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. ज्यांच्या पेटीला ऑटो स्विच आहे त्यांनी तो आधी काढावा. लाइट आली की ऑटो स्विच मोटर आपोआप चालू करतो, त्या वेळी वायर कोणाच्या हातात आहे हे त्याला कळत नाही. ऑटो स्विच वापरू नका, कपॅसिटर बसवा, असं महावितरणही सांगत असतं. डीपीवर चढून फ्यूज काढणं किंवा टाकणं शेतकऱ्याने करू नये, ते काम लाइनमनचं आहे.

बोअर आणि मोटर जुळते का?

४ इंची बोअरला व्ही-४ आणि ६ इंची बोअरला व्ही-६ संच लागतो. दोर आणि वजन सोडून बोअरची खोली व पाण्याची पातळी मोजून लिहून ठेवावी. नवीन बोअर असेल तर आधी कॉम्प्रेसरने गाळ काढून घ्यावा. नेमप्लेटवर एचपी, फेज, व्होल्ट, अँपिअर आणि हेड बघावं. पंपसंचासाठी आयएस ८०३४ आणि मोटरसाठी आयएस ९२८३ हे मानक आहे. खरेदी करताना हे आकडे पाहून घ्यावेत.

मोटरमध्ये पाणी भरणं

आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या मोटरी पाण्याने भरायच्या असतात. आतलं पाणीच बुश आणि थ्रस्ट बेअरिंगला वंगण देतं आणि कॉइल थंड ठेवतं. मोटर उभी धरावी, वरचे दोन्ही स्क्रू काढावेत आणि एका भोकातून स्वच्छ, वाळू नसलेलं पाणी हळूहळू ओतावं. दुसऱ्या भोकातून हवा बाहेर पडते. मोटर थोडी हलवावी, अर्धा तास थांबावं, पातळी उतरली तर परत भरावी. बुडबुडे थांबल्यावरच वॉशर लावून स्क्रू आवळावेत. मोटर ऑइलची असेल तर तिच्यात पाणी घालायचं नाही. पुस्तिका पाहिल्याशिवाय स्क्रू खोलू नये.

पंप आणि मोटर जोडणं

१. दोन्हीच्या बैठकीची जागा फडक्याने पुसून घ्यावी. मातीचा खडाही राहता कामा नये.
२. मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट वेगवेगळा हाताने फिरवून पाहावा. अडकत असेल तर तिथेच थांबावं.
३. कपलिंग नीट बसवून नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी आवळली तर पंप तिरका बसतो.
४. जोडल्यावर शाफ्ट परत फिरवून पाहावा. मोकळा फिरला तरच जाळी आणि केबलची पट्टी बसवावी.
५. एनआरव्ही बसवताना त्यावरचा बाण वरच्या दिशेने आहे का ते पाहावं.

केबलचा जोड

सर्वात जास्त मोटरी जोडातून पाणी शिरून जातात. तिन्ही वायर कमी-जास्त लांबीच्या कापाव्यात, म्हणजे तीन जोड एकमेकांशेजारी येत नाहीत. तांबं घासून चकचकीत करावं आणि जोड घट्ट करावा. आधी रबर टेप ताणून अर्धा-अर्धा चढवत गुंडाळावी, त्यावर पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप पाण्यात टिकत नाही. मग जोड काही तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा. केबलची टोकं कोरडी आणि बाहेर असावीत. वायरमनकडून मेगर लावून घ्यावा. पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा रीडिंग कमी आलं तर जोड सोडून परत करावा. अर्थिंगची वायर पेटीला आणि मोटरला लावल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नये.

कोरडी मोटर चालवू नका

‘जरा चालवून बघू’ म्हणत जमिनीवर मोटर चालवली तर पाण्याशिवाय बुश घासतात. शिवाय सुरू होताना मोटर झटका मारते आणि पायावर येऊ शकते. थ्री फेज मोटर उलटी फिरते का हे पाण्यात सोडल्यावर कळतं. पाणी कमी आलं तर लाइट बंद करून कोणतेही दोन फेज बदलावेत. ज्या दिशेने पाणी जास्त येतं ती दिशा बरोबर. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरप्रमाणे लावावा. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय रन संरक्षण असेल तर उत्तमच.

सोडताना

मोटर केबलला धरून कधीही उचलू नये. भार पाइप, क्लॅम्प आणि सुरक्षेच्या दोरावरच असावा. चेनपुलीखाली कोणी उभं राहू नये. केबल दर १० फुटांवर पाइपला बांधावी, पण टेपने आवळून चेपू नये. मोटर तळापासून १० ते १५ फूट वर ठेवावी. गाळात रुतलेल्या मोटरला पाणी मिळत नाही आणि ती तापते.

काम चालू असताना लहान मुलांना लांब ठेवावं. जेवायला जरी उठलं तरी बोअरचं तोंड झाकूनच उठावं. मोटर काढून बोअर रिकामं ठेवायचं असेल तर केसिंगवर पत्रा वेल्ड करावा किंवा नट-बोल्टचं पक्कं झाकण बसवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या सूचनांमध्येही हेच सांगितलं आहे. गोणपाट आणि दगड म्हणजे झाकण नव्हे.